बेटावरचं माप

गौराबाई बिराजदार गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका, शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या' वगैरे. मनमिळाऊ! हे छापणाऱ्याने बाईंना लांबूनसुद्धा पाहिलेलं नसणार. आपल्याकडे माणूस मेला की मनमिळाऊ होतो, ही एक सोय आहे. मी टपरीवर उभ्यानं ती बातमी वाचली आणि चहा गार होईस्तोवर मनातल्या मनात त्या पेपरवाल्याला शिव्या घातल्या.

अक्का मनमिळाऊ नव्हत्या. शांत तर नव्हत्याच. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, कारण उदगीरकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात आणि 'मॅडम' म्हटलेलं त्यांना खपत नसे. सकाळी खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून त्या ओरडायला लागल्या की आम्ही समजायचो, आज सगळं सुरळीत आहे. आवाज चढत चढत एका ठिकाणी पोचला की मराठी संपायची आणि कानडी सुरू व्हायची. "सुम्न कूडरी!" म्हणजे गप बसा. भोकरचा मजूर असो की पुण्याहून आलेला पाहुणा, ते ऐकल्यावर सगळे बसायचे. पण अक्का गप झाल्या की समजायचं, काहीतरी मोठं बिनसलंय. तसं मी त्यांना दोनदाच पाहिलं.

मी नांदेडचा. नाव मुजीब. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो. माझ्या हातच्या रेघा अक्कांना आवडल्या म्हणून त्यांनी मला मांजरा नदीतल्या बेटावरच्या उत्खननाला मागून घेतलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "अक्का, इथला राजा कोण होता?"

"राजा?" त्या म्हणाल्या. "राजाचं काय करतो रे? राजा कोण ते शाळेतल्या पोराला बी ठाऊक असतंय. इथं मीठ कुठून येत होतं ते बघ. ज्या गावाचं मीठ कळलं ते गाव कळलं."

उदगीरच्या आडत्याची ही मुलगी. लहानपण धान्याच्या पोत्यांवर गेलेलं. लिंगायत घर, गळ्यात इष्टलिंग, अंगावर इरकल साडी, पायात मात्र पुरुषी कॅनव्हासचे बूट. वडलांचं दुकान मोडलं तेव्हा भावांनी काटा घेतला, तिजोरी घेतली, जागा घेतली. अक्कांनी धान्य मोजायची एक लोखंडी पायली मागितली. निजामी शिक्क्याची, तळाला घासून गुळगुळीत झालेली. ती पायली त्यांच्या तंबूत असायची आणि तिच्यात त्या पेन्सिली ठेवायच्या. एकदा मी तिच्यात चहाचा कप ठेवला, तर दिवसभर माझ्यावर ओरडत होत्या. मापात खरकटं ठेवायचं नसतं म्हणे.

बेट म्हणजे नदीच्या मधोमध उंचवटा, बाभळी आणि दगडांचे ढीग. गावकऱ्यांच्या लेखी तिथं पूर्वी कधीतरी काहीतरी होतं, एवढंच. अक्कांना तिथं पेठ दिसली. त्या वाण्याच्या नजरेनं बघायच्या. "दोन काठांवर दोन सरकारं होती," त्या सांगायच्या. "दोघांना बी जकात पाहिजे. मग वाणी काय करणार? त्यानं दुकानच पाण्यात मांडलं. ना ह्याच्या हद्दीत, ना त्याच्या." हे ऐकून त्यांच्या बरोबरीचे प्राध्यापक हसायचे. मग खड्ड्यातून समोरासमोर दुकानांच्या ओट्यांच्या दोन ओळी निघाल्या, मधून बैलगाडीच्या चाकांनी झिजलेली फरसबंदी निघाली, नदीत उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्या निघाल्या. समुद्रापलीकडून आलेल्या निळ्या नक्षीच्या भांड्यांचे तुकडे निघाले, कवड्या निघाल्या. हसणारे गप्प झाले. नंतर त्यांनी तेच स्वतःच्या नावावर लिहिलं, ते सोडा.

आणि मापाचा दगड निघाला. पेठेच्या तोंडाशी, ओट्यात बसवलेला, बाजेएवढा काळा दगड. त्यात तीन गोल खळगे, एकाहून एक मोठे. मजूर म्हणाले उखळ आहे. आमच्यातला एक विद्वान म्हणाला, यज्ञकुंड असावं. अक्का खाली उतरल्या, मोठ्या खळग्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि ओरडल्या, "पायली आणा माझी! आणि ज्वारी!"

पेन्सिली मातीत ओतून मी पायली आणली. स्वयंपाकाच्या पोत्यातली ज्वारी तिच्यात काठोकाठ भरली. अक्कांनी ती मोठ्या खळग्यात ओतली. खळगा भरत आला, पण भरला नाही. त्यांनी पोत्यातून एक मूठ घेतली, वर टाकली, तळहातानं सपाट केली. तेव्हा कुठं काठ आला.

"पायली आणि वर एक मूठ," त्या म्हणाल्या. आवाज असा मऊ मी कधी ऐकला नव्हता. "बाजाराचं माप हाय हे. कुणाला शंका आली तर त्यानं आपला माल हितं आणून ओतायचा. आणि बघ मुजीब, आमच्या बापाच्या मापापेक्षा मूठभर जास्त देत होते हे लोक. मूठभर!"

त्या दिवशी त्यांनी सगळ्या मजुरांना गूळ वाटला. मधला आणि धाकटा खळगाही अधोली आणि शेर निघाला. पण अक्का बोलायच्या त्या मुठीबद्दलच. कुणी पाहुणा आला की त्याला आधी त्या मुठीची गोष्ट ऐकावी लागे.

आता अक्कांच्या एका वैराबद्दल सांगायला हवं. ते वैर शेंदराशी होतं. चाकूरजवळच्या एका गावात वेशीबाहेर वीरगळ होता. लढाईत मेलेल्या माणसाचा दगड, खाली दोन ओळींचा लेख. पण पिढ्यान्‌पिढ्या त्यावर तेल आणि शेंदूर चढून त्याचा नुसता नारिंगी गोळा झालेला. अक्का लाकडाची सळई घेऊन बसल्या आणि खपली खपली काढू लागल्या. गाव जमलं. एक म्हातारा काठी आपटत आला.

"ओ बाई, देव खरवडायलाव का तुम्ही?"

"देव न्हाई काका, माणूस हाय. तुमच्याच गावचा. गावासाठी मेला. त्याचं नाव लिहिलंय हितं, अन् तुम्ही त्याच्या तोंडात तेल वतून वतून त्याला मुका केलाय!"

"आन् तुमचा देव कुठं हाय मग?"

अक्कांनी गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या करंड्यावर टिचकी मारली. "हितं हाय. ह्याला तेल लागत न्हाई."

आम्हाला तिथून पळावं लागलं. जीपच्या मागं दगड आले. परतताना अक्का रस्ताभर बडबडत होत्या. चोर मूर्ती नेतो, निदान ती कुठंतरी शाबूत राहते. पण शेंदूर दगडाला जागच्या जागी मारतो. "माझ्या समोर ज्यानं दगडाला शेंदूर लावला त्याचा हात मोडीन," असं त्या म्हणाल्या. अक्षरशः.

मग तो दुष्काळ आला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या पाट्या, नवी कचेरी, नवे साहेब, आणि सगळ्यांना नवे रस्ते हवे होते. इकडे पाऊस नाही, शेतात काम नाही, म्हणून रोजगार हमीची कामं निघाली. रस्त्याला खडी हवी, खडीला दगड हवा. टेकडीवर खाण होती, पण ती उघडायची म्हणजे सुरुंग आले, परवानग्या आल्या. बेटावर मात्र दगड घडवून, रचून तयार होता. आणि मांजरा आटली होती. आजवर त्या बेटाला कुणी राखलं असेल तर पाण्यानं. पाणी गेलं तसा ट्रॅक्टर सरळ पात्रातून वर चढला.

आम्ही दिवाळीची सुट्टी संपवून परतलो तेव्हा घाट नव्हता. मी पुन्हा लिहितो, घाट नव्हता. ज्या पायऱ्यांचा नकाशा काढायला मी उन्हात दोन महिने बसलो होतो, त्या जागी खडीचे चौकोनी ढीग होते आणि त्यांवर मोजणीसाठी चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. पूर्वेकडची ओट्यांची ओळ फुटत होती. पुरुष घण घालत होते, बायका डोक्यावर पदर घेऊन रांगेनं खडी फोडत होत्या.

अक्का मुकादमावर अशा धावून गेल्या की तो ट्रॅक्टरवर चढून बसला. "वरून ऑर्डर हाय, माझ्यावर कशाला चिडता?" एवढंच तो वरून म्हणत राहिला. मग अक्का बायकांकडे वळल्या. पहिल्याच जागी बसलेली बाई उठली नाही. तिचं नाव सुगलाबाई. पलीकडच्या काठावरच्या गावची, आमच्या खड्ड्यावर दोन हंगाम माती वाहिलेली. हातोडी खाली न ठेवता ती म्हणाली, "अक्का, तुमचं गाव मरून गेलंय. आमचं जितं हाय. जित्याला खायाला लागतंय."

अक्का तिथून वळल्या. परतताना मला म्हणाल्या, "तिचं खरं हाय रे. तिच्यावर कसली चिडू? तिला अन् मला एकमेकींसमोर उभं करून जो खुर्चीवर बसलाय, त्याला बघते."

ते खुर्चीवरचे साहेब दुसऱ्या दिवशी भेटले. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती, भिंतींना अजून चुन्याचा वास होता. मी नकाशे घेऊन मागं उभा.

"बाई, लोकांना काम द्यायचं की दगड जपायचे, तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले.

"काम द्या ना! टेकडीवरच्या खाणीत द्या. मैलभर पण लांब नाही."

"त्याला वेळ लागतो. आणि आज त्या बेटावर कोणी राहतं का? नाही ना? मग तक्रार कोणाची आहे?"

"माझी आहे!" अक्का टेबलावर हात आपटून ओरडल्या. "तुमच्या जिल्ह्याला अजून धड कचेरी न्हाई. तिथं भरल्या पेठेत इमानाचं माप होतं! ते फोडून तुम्ही रस्ता करणार, अन् त्या रस्त्यावरनं जाणार कुठं?"

साहेबांना राग आला नाही. तेच वाईट होतं. ते समजुतीनं हसले. "तुमच्या भावना समजतात मला. असं करा, नव्या जिल्ह्याची आपण स्मरणिका काढतोय. तुम्ही त्या बेटावर छान लेख द्या. फोटोसकट छापू."

अक्का गप झाल्या. मी पहिल्यांदा त्यांना तसं पाहिलं. त्यांनी साहेबांना नमस्कार केला, पदर सावरला आणि बाहेर आल्या. आम्ही रिक्षात बसलो. गंजगोलाईच्या बाजारात त्यांनी रिक्षा थांबवली आणि पूजेच्या सामानाच्या दुकानात शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात तेलाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा. पुड्याच्या कोपऱ्यातून नारिंगी पूड सांडत होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"बघतो काय? बस," त्या म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी खडीचं काम बंद असे. बेटावर चिटपाखरू नव्हतं. ओट्यांच्या रांगेत फुटायला आता मापाच्या दगडाचीच पाळी होती. त्याच्या बाजूचा ओटा अर्धा गेलेला. अक्कांनी तेलात शेंदूर कालवला. मी डबा धरायला पुढं झालो, तर त्या अंगावर आल्या.

"मागं हो! त्या बाभळीपशी जाऊन थांब. उद्या कुणी बोललं, की मुजीबनं दगडाला हात लावला, तर हा दगड राहील बाजूला अन् गावात आग लागंल. कळतंय का?"

कळत होतं. माझ्या देशात मला ते शाळेत जायच्या आधीपासून कळतं. मी बाभळीखाली थांबलो आणि तिथून सगळं पाहिलं. गळ्यातला देव पदराखाली सरकवून ती बाई गुडघ्यावर बसली आणि ज्या हातांनी आयुष्यभर शेंदूर खरवडला त्या हातांनी शेंदूर फासू लागली. दगडाच्या दर्शनी बाजूला, कडांना, ओट्याला. खळग्यांच्या आत मात्र एक थेंब जाऊ दिला नाही. काठाशी आलं की बोट थांबवायच्या, जपून वळवायच्या. त्या रडत होत्या की घाम होता, हे लांबून कळलं नाही. कानडीत काहीतरी बोलत होत्या, ते नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या. सगळ्यांत पुढं सुगलाबाई. ती दगडासमोर थबकली. ओला शेंदूर, ताज्या तेलाचा वास. तिनं दगडाकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं. अक्कांच्या हातांकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. खुशाल बोलली असती ती. दगड गेला असता, तिची खडी त्या दिवशी लवकर भरली असती.

सुगलाबाईनं हातोडी टाकली आणि खच्चून ओरडली, "अगं बायांनो, देव निघाला गं! देव निघाला!"

मुकादमाच्या हातातली बिडी पडली. वरून कितीही ऑर्डर असली तरी देवावर घण घालायची त्याची छाती नव्हती. सुगलाबाईनं त्याला तिथंच धरलं. देवाच्या जागेवर आता कुणी दगड फोडणार नाही, पण हजेरी आजची पण लागली पाहिजे आणि उद्याची पण. खाण उघडा! ज्या परवानगीला वेळ लागत होता ती तीन दिवसांत आली. खाणीतलं काम बेटावरच्यापेक्षा कितीतरी जड, हे त्या बाईला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. जाताना ती अक्कांच्या जवळून गेली आणि मान न वळवता हळूच म्हणाली, "अक्का, नखं धुवा."

पुढचं सांगायला मला खरंच राग येतो. उत्खननाची मुदत वाढली नाही. देवाची जागा, भावना दुखावतील, असं कारण आलं, आणि तेही त्याच कचेरीतून, जिला घाट फोडताना कुणाच्या भावना आठवल्या नव्हत्या. देवाला नाव पडलं, भरोबा. नवं धान्य निघालं की त्याच्या खळग्यात ओतायचं, वर्षभर कणगी भरलेली राहते. मग पत्रे आले, मग फरशी, मग कमिटी. कमिटीनं देवळाचं जोतं बांधायला उरलेले सगळे ओटे उपटून वापरले. खडीतून वाचलेली पेठ देवाच्या पायाखाली गेली. आणि आमची निळ्या नक्षीची खापरं कॉलेजच्या जिन्याखाली गुळाच्या गोणपाटांत पडून राहिली. त्यांवर उंदीर फिरले.

अक्का बेटावर पुन्हा गेल्या नाहीत. निवृत्त होऊन उदगीरला राहिल्या. मी गेलो की तंबाखू खाण्यावरून मला बोलायच्या, सरकारला बोलायच्या, गुडघ्यांना बोलायच्या. बेटाचं नाव काढायच्या नाहीत.

मग पुन्हा एका वर्षी मांजरा आटली आणि त्यांचा निरोप आला. जीप घेऊन ये. मी गेलो तर त्या इरकल नेसून ओट्यावर तयार बसलेल्या, मांडीवर ती निजामी पायली, ज्वारीनं काठोकाठ भरलेली, वर फडकं बांधलेलं. रस्ताभर त्यांनी ती खाली ठेवली नाही.

कोरड्या पात्रातून चालत आम्ही वर गेलो. त्यांना माझा हात धरावा लागला. देवळाला रंग दिला होता, स्टीलचा कठडा होता आणि पाटी होती. कठड्यापाशी एक तरुण पुजारी उभा होता.

"आजी, चौथऱ्यावर बायांनी चढायचं न्हाई. आणलंय ते द्या हिकडं, मी वाहतो."

माझं डोकं फिरलं. "अरे, ज्या बाईनं हा..." एवढं मी बोललो असेन. अक्कांनी माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की डोळ्यांत पाणी आलं.

"सुम्न कूड," त्या दात आवळून म्हणाल्या. "देव हाय तवर उभा हाय. तू बोलला की फक्त दगड राहतो. अन् दगडाचं हे लोक काय करतात ते आपण बघितलंय."

त्यांनी पायली पुजाऱ्याच्या हातात दिली. "मोठ्या खळग्यात वत बाळा. सावकाश. सांडू नको."

पुजारी आत गेला. अक्का कठडा धरून टाचा उंचावून बघत होत्या. दगड आता दगड राहिला नव्हता. शेंदराचा जाड थर बाहेरून आत उतरला होता, खळग्यांच्या कडा गोल, बुजत आलेल्या. ज्वारी पडत गेली. खळगा भरला. पुजाऱ्यानं पायली उलटी करायला घेतली तशी ज्वारी काठावरून फरशीवर घरंगळू लागली. त्यानं हात थांबवला. पायलीत अजून दोन ओंजळी शिल्लक होत्या.

"भरोबा पावला आजी!" तो आनंदानं म्हणाला. "वतून उरलं! हे प्रसाद म्हणून घरी न्या."

अक्का गप होत्या. दुसऱ्यांदा. त्यांनी पायली घेतली, आत पाहिलं, तळाशी राहिलेली ज्वारी बोटानं ढवळली.

"मूठ जास्त देत होतं हे," त्या म्हणाल्या. पुजाऱ्याला नाही, मलाही नाही. "मी मापात मारायला लावलं त्याला."

मग त्या वळल्या आणि माझा हात न धरता नदीच्या कोरड्या पात्रात उतरल्या. पायली छातीशी, फडकं खांद्यावर. मध्ये एकदा थांबल्या. मला वाटलं दम लागला. पण त्यांनी मूठभर ज्वारी काढून तिथंच, जिथं घाटाची शेवटची पायरी होती त्या जागी, मातीवर टाकली आणि उरलेली तशीच घेऊन चालू लागल्या.